साथीच्या दिवसांत सिस्टर आणि आशाताई



या अंकात खोडव्याच्या व्यवस्थापनावर लिहायचे ठरले होते. पाचट कुजवण्याचा मजकूर तयारही होता, तो पुढच्या अंकात येईल. त्याचे असे झाले की, हंगामापूर्वी ऊसतोड मजुरांच्या आरोग्य तपासणीची जुळवाजुळव करायला आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रावर गेलो होतो. काम दहा मिनिटांचे. परंतु चहा आला, सिस्टर बसल्या, दोन आशाताई लसीकरणाच्या याद्या घेऊन आलेल्या होत्या त्याही बसल्या, आणि बोलता बोलता विषय निघाला कोरोनाच्या साथीचा. दोन तास कसे गेले ते कळले नाही. उठताना वाटले, त्या साथीची आपली आठवण आपल्या उंबऱ्याच्या आतली आहे. उंबऱ्याच्या बाहेर उभे राहून जे आपली नावे लिहून घेत होते, त्यांना तेव्हा काय ठाऊक होते आणि कशाची भीती होती, हे आपण कधी विचारलेच नाही.

महाराष्ट्रातला पहिला रुग्ण पुण्यात सापडला तो ९ मार्च २०२०ला. २२ मार्चला जनता कर्फ्यू, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी. आपल्याकडे तेव्हा गाळप आवरत आले होते. या पंधरा दिवसांत आशाताईंना जे शिक्षण मिळाले ते म्हणजे केंद्रावरची अर्ध्या दिवसाची एक बैठक आणि मोबाइलवर आलेल्या चित्रफिती. हात वीस सेकंद धुवायचे, खोकताना कोपर तोंडाशी धरायचे, परगावाहून आलेल्याला चौदा दिवस वेगळे ठेवायचे. एवढ्या शिदोरीवर त्या पुणे-मुंबईहून आलेल्यांची नावे लिहायला निघाल्या. तोंडाला काय, तर ओढणी. किंवा पदर.

एक आशाताई म्हणाल्या, “आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं तेवढं खरं होतं. पण आज जे खरं ते पंधरा दिवसांनी बदलायचं, आणि लोक आम्हालाच खोटं ठरवायचे.”

हे आम्हांलाही आठवते. सुरुवातीला सांगण्यात आले की ज्याला आजार नाही त्याला मास्क लागत नाही. एप्रिल २०२०च्या पहिल्या आठवड्यात सांगण्यात आले की घरी शिवलेला का होईना, पण बाहेर पडताना प्रत्येकाने बांधावा. मार्चमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना हायड्रॉक्सीक्लोरोक्विनच्या गोळ्या आठवड्याला एक या हिशेबाने घ्यायला सांगितल्या. वर्षभराने जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितले की आजार टाळण्यासाठी ही गोळी वापरू नये. आजार मुख्यतः थेंबांतून पसरतो, हवेतून नव्हे, असे आधी ठासून सांगितले गेले. नंतर मान्य झाले की बंद, हवा न खेळणाऱ्या खोलीत तो हवेतूनही पसरतो. लसीच्या दोन डोसांमधले अंतर आधी चार आठवडे, मग सहा ते आठ, आणि मे २०२१मध्ये बारा ते सोळा आठवडे झाले. पारावर बसून आपण हसलो, “ह्यांचंच ठरंना, आपल्याला काय सांगतात!”

आता सभासद बंधूंनो, जरा आपल्याकडे पाहू. तीन फुटी सरीत दाट लावण करा असे आपल्या वडिलांना सांगणारे शेतकी खातेच होते, आणि साडेचार-पाच फुटी सरी सोडा, बेणे कमी लागेल, असे आपल्याला सांगणारेही शेतकी खातेच आहे. आपण त्यांना खोटारडे म्हणालो काय? प्रयोग झाले, माहिती वाढली, शिफारस बदलली. पण तेथे तीस वर्षे मिळाली. सिस्टरला तीस दिवस मिळाले नाहीत, आणि चूक झाली तर टनेज नव्हे, माणूस जाणार होता.

आपल्या अज्ञानाचीही नोंद असू द्यावी. एप्रिलमध्ये गावोगाव सोडियम हायपोक्लोराइटची फवारणी झाली. कुणी द्राक्षबागेचे ब्लोअर आणले, कुणी ट्रॅक्टरवरचे पंप. रस्ते धुतले, भिंती धुतल्या, वेशीतून येणाऱ्या माणसांवरही मारले. आम्ही स्वतः एका ब्लोअरच्या डिझेलचे पैसे दिले आणि फोटोत उभे राहिलो. पुढे केंद्र सरकारनेच कळवले की माणसांवर असे औषध मारू नये, त्याने डोळ्यांना व कातडीला इजा होते. रस्त्यावर फवारून साथ आटोक्यात येत नाही हे जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितले. सिस्टरना तेव्हाच शंका आली होती. त्या बोलल्या का नाहीत असे आम्ही विचारले, तर त्या हसल्या. सरपंचांपासून सगळे गाव जमले असताना एकट्या बाईने मध्ये जाऊन काय सांगायचे?

पीपीई किट नावाचा तो पांढरा पोशाख आपण सर्वांनी पाहिला. तो पहिल्यांदा आला तेव्हा उपकेंद्राला आला नाही, मोठ्या दवाखान्यांना गेला, आणि तेथेही पुरला नाही. पुढे सिस्टरची नेमणूक कोविड सेंटरला झाली आणि तो अंगावर चढला. एप्रिल-मेचे ऊन आपणांस सांगायला नको. त्यात अंगभर प्लास्टिकसारखा कपडा, वर चष्मा, दोन जोड हातमोजे. एकदा घातला की पाळी संपेपर्यंत, म्हणजे सहा-सहा तास, पाणी नाही आणि लघवीलाही जाता येत नाही, कारण काढला की तो फेकायचा आणि दुसरा मिळेलच याची खात्री नाही. सिस्टर सकाळपासून पाणीच पीत नसत. महिन्याच्या अडचणीच्या दिवसांत काय होत असेल हे आमच्या घरच्या मंडळींनी आम्हांला समजावून सांगितले, आम्हांला ते सुचलेही नव्हते.

पण त्यांना खरी धास्ती होती ती पोशाख काढण्याची. घालताना धोका नसतो, काढताना असतो. बाहेरच्या बाजूला जे बसले आहे ते हाताला, तोंडाला लागते. हे त्यांनी सांगितले आणि आम्हांला एकदम उसावरची काणी आठवली. शेंड्यातून तो काळा चाबूक निघालेला दिसला की आपण काय करतो? तसाच हिसकून काढला तर भुकटी उडते आणि सगळा फड धोक्यात येतो. म्हणून आधी वरून पिशवी घालायची, तोंड आवळायचे, मग बेट मुळासकट उपटायचे आणि जाळायचे. आम्ही हे बोलून दाखवले तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “अगदी तसंच. आतली बाजू बाहेर काढत गुंडाळायचं, घाई करायची नाही. आणि नेमकी तेव्हाच घाई व्हायची, कारण तहान लागलेली असायची.”

एप्रिल २०२०च्या मध्यावर आपल्यासारख्या कारखान्यांपुढे वेगळाच पेच होता. हंगाम संपलेला, टोळ्या कोप्यांवर अडकलेल्या, गावाकडे म्हातारी माणसे आणि दुभती जनावरे वाट पाहत असलेली. १७ एप्रिलला राज्य शासनाने परवानगी दिली. ३८ कारखान्यांच्या परिसरातील सुमारे १ लाख ३१ हजार मजुरांना वैद्यकीय तपासणी करून आपापल्या गावी पाठवायचे ठरले. तपासणी करायची कोणी? याच मंडळींनी. गाडीतळावर टेबल मांडले, ताप मोजायचे ते पिस्तुलासारखे यंत्र आले. मजूर बायका लेकरांना पोटाशी धरून मागे सरकत होत्या, कारण कपाळावर यंत्र लावले की पकडून नेतात अशी वावडी उठली होती. टेबलामागे बसलेल्या सिस्टरही मनातून घाबरलेल्या. त्यांनी आम्हांला सांगितले, “समोरच्या बाईला माझी भीती, मला तिची. मग मी आधी माझ्याच कपाळाला लावून दाखवलं. माझा ताप किती तो तिला वाचायला सांगितला. तिला आकडे येत होते. तिने वाचला, हसली, आणि मग रांग लागली.”

टोळ्या गेल्या. आपण हिशेब काढले, उचल वळती केली, गाड्यांची व्यवस्था केल्याबद्दल कारखान्याचे नाव झाले. टेबलामागच्या बाईला कुणी पाण्याचा तांब्या दिला होता की नाही, हे आमच्या कोणत्याही नोंदीत नाही.

भीती कशाची होती, असे आम्ही सरळच विचारले. मरणाची, असे उत्तर येईल अशी आमची समजूत. तसे कुणीच पहिल्यांदा म्हणाले नाही. एका आशाताईंचे लेकरू तेव्हा दीड वर्षाचे. त्या सर्व्हे करून आल्या की परड्यात चुलीवर तापवलेल्या पाण्याने अंघोळ करायच्या, लुगडे तिथेच भिजत घालायच्या, आणि तरी घरात जाताना पाय अडखळायचा. लेकरू धावत यायचे, सासूबाई त्याला धरून ठेवायच्या, ते रडायचे. दोन महिने त्या ओसरीवर निजल्या. दुसऱ्या आशाताईंचे सासरे दम्याचे. “माझ्यामुळं आबांना काही झालं तर मी ह्या घरात राहू कशी?” ही त्यांची भीती. आरोग्यसेवक तरुण गडी, त्याला वाटायचे की आपल्याला लागण झाली तर गावात पहिले नाव आपले येईल, आणि मग ज्या ज्या घरी आपण गेलो ती सगळी घरे आपल्याला शिव्या घालतील.

म्हणजे भीती रोगाची जितकी, तितकीच आपली होती.

हे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिले पाहिजे. आपल्या कार्यक्षेत्रातील एका गावी सिस्टर भाड्याच्या खोलीत राहत होत्या. सहा वर्षे राहत होत्या. घरमालकाच्या सुनेचे बाळंतपण त्यांनीच वेळेवर दवाखान्यात पोचवले होते. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात घरमालकांनी सांगितले, “बाई, राग मानू नका, पण चार महिने दुसरीकडे बघा.” ते सभासद आहेत, आमच्या नात्यातले आहेत. वाईट माणूस नाही. भ्याला होता. आम्हांला ही गोष्ट तेव्हाच कळली होती आणि आम्ही गप्प बसलो, कारण आम्हीही भ्यालो होतो. सिस्टर तीन आठवडे उपकेंद्राच्या औषधांच्या खोलीत राहिल्या. त्यांनी हे आम्हांला सांगितले तेव्हा आवाजात राग नव्हता, याचेच आम्हांला जास्त लागले.

त्याच महिन्यात, २२ एप्रिल २०२०ला, केंद्र सरकारने वटहुकूम काढून साथरोग कायदा दुरुस्त केला होता. हा कायदा १८९७चा, प्लेगच्या वेळी इंग्रजांनी घाईने केलेला, अवघ्या चार कलमांचा. सरकारला काय काय करता येईल तेवढे त्यात होते. सेवा करणाऱ्याचे हिंसेपासून रक्षण त्यात नव्हते. दुरुस्तीने आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हिंसेला तीन महिने ते पाच वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड ठरला, आणि त्यांचे राहणे वा काम करणे मुश्किल होईल असा त्रास देणेही हिंसेतच धरले गेले. आमच्या नातेवाइकांना हे ठाऊक नव्हते. आम्हांला तरी कुठे होते?

आणि ज्या वर्षी तो मूळ कायदा झाला त्याच वर्षी, १० मार्च १८९७ला, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या होत्या. तो रोग जीवाणूचा, हा विषाणूचा, एवढाच फरक. दरवर्षी ३ जानेवारीला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो.

पैशाचे बोलायचे तर आशाताई ही शासनाची पगारी नोकर नाही. कामागणिक मोबदला, अशी ती योजना आहे. साथीच्या कामासाठी केंद्राकडून महिना १००० रुपये ठरले, म्हणजे दिवसाला ३३ रुपये. गावाकडे तेवढ्यात एक वेळचा भेळभत्ता येतो. ३० मार्च २०२०पासून ५० लाखांचा विमा लागू झाला, त्यात आशाताईही होत्या, ही गोष्ट चांगली झाली. पण विम्याचे नाव काढले की एक आशाताई म्हणाल्या, “दादा, तो आमच्या मागं राहणाऱ्यांसाठी. आम्हाला जिवंतपणी हातमोजे पाहिजे होते.” जून २०२१मध्ये राज्यातल्या सुमारे ७० हजार आशाताई संपावर गेल्या तेव्हा आपल्यातल्या काहींनी नाके मुरडली होती. आठवड्याभराने मानधनात १००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता मान्य झाला. पुढच्या वर्षी, मे २०२२मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशाताईंचा गौरव केला. आपल्या पंचक्रोशीतल्या ताईंना ते टीव्हीवर कळले.

सप्टेंबर २०२०च्या मध्यास “माझे कुटुंब, माझी जबाबदारी” मोहीम आली, तोपर्यंत हीच माणसे बदललेली होती. हाती ऑक्सिमीटर होते. बोटाला चिमटा लावायचा, आकडा वाचायचा. ९४च्या खाली गेला की सावध व्हायचे, मग तो माणूस कितीही ठणठणीत बोलत असो. हा रोग फसवा, आतला प्राणवायू कमी झाला तरी माणसाला कळत नाही, हे त्या सासऱ्यांच्या वयाच्या माणसांना समजावून सांगत होत्या. “आबा, सहा मिनिटं अंगणात चाला आणि परत बोट द्या.” आबा कुरकुरत चालायचे. अशा चालण्यातून वेळेवर दवाखान्यात गेलेले दोन सभासद आज ऊस घालत आहेत, हे आम्ही स्वतः पाहतो. भीती गेली होती असे नव्हे. पण काय करायचे हे हाताला कळले की भीती हातात राहत नाही, कुठेतरी मागे जाऊन बसते, असे सिस्टरनी सांगितले.

लसीची गोष्ट मात्र आम्हांला नवी होती. १६ जानेवारी २०२१ला लसीकरण सुरू झाले आणि पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांना मिळाला. आम्ही समजत होतो की ही मंडळी धावत गेली असतील. तसे झाले नाही. पहिल्या दिवसांत त्यांच्यातलेच कित्येक कचरले. लस इतक्या लवकर कशी तयार झाली, पुढे काही होणार नाही ना, ही शंका त्यांनाही होती. आपल्या सिस्टर पहिल्या यादीत होत्या, आणि त्यांनी एक दिवस टाळली. दुसऱ्या दिवशी घेतली. का घेतली, तर उद्या गावात जाऊन सांगायचे कोणत्या तोंडाने? रात्री ताप आला, अंग दुखले, सकाळी कामावर आल्या. पुढे गावात लोक विचारायचे, “बाई, तुम्ही घेतली का?” त्या म्हणायच्या, “घेतली. आधी भ्याले होते.” हे दुसरे वाक्य जोडल्यावर लोक हात पुढे करायचे, असा त्यांचा अनुभव.

मार्च ते मे २०२१ची दुसरी लाट आपण सर्वांनी सोसली, तिच्याबद्दल फार लिहवत नाही. या अंकाच्या वाचकांत क्वचितच असे घर असेल की जेथून कुणी गेले नाही. कारखानदारीने तेव्हा आपल्या परीने केले. पहिल्या लाटेत राज्यातल्या अनेक कारखान्यांच्या डिस्टिलरीतून सॅनिटायझर निघाले होते. दुसऱ्या लाटेत चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने इथेनॉलच्या प्रकल्पातून ऑक्सिजन काढून दाखवला. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर या लाटेत ज्ञान होते, पोशाख होता, लसही झालेली होती, पण खाट नव्हती. ८२ आकडा दाखवणाऱ्या माणसाला घेऊन कुठे जायचे ते ठाऊक नसणे, ही नवीच भीती. सिस्टर म्हणाल्या, पहिल्या लाटेत मी मरेन असे वाटायचे, दुसरीत वाटायचे की माझ्या हातावर कुणीतरी मरेल. त्यापुढे त्या बोलल्या नाहीत आणि आम्हीही विचारले नाही.

जगभरात जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी या रोगाने गेले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्या देशात डॉक्टरच हजारावर गेले, असे भारतीय वैद्यकीय संघटनेने जाहीर केले होते.

उठता उठता आम्ही विचारले की, कारखान्याकडून आता काही व्हावे असे वाटते का. आम्हांला वाटले, खाटा मागतील, यंत्र मागतील, निदान मास्कची खोकी मागतील. सिस्टरनी दोन्ही आशाताईंकडे पाहिले. मग एक ताई खाली बघत म्हणाल्या, “गट ऑफिसला बाथरूम आहे. त्याला कुलूप असतं. किल्ली चिटबॉयकडे असते. सर्व्हेला दिवसभर फिरताना आम्हाला जायला जागा नसते, तेव्हाही नव्हती, आजही नाही. कोप्यांवर तपासणीला येतो तेव्हाही नसते.”

कार्यक्षेत्रातील प्रत्येक गट ऑफिसच्या बाथरूमची एक किल्ली त्या गावच्या आशाताईंकडे द्यावी, आणि हंगामात गाडीतळावरच्या तपासणीच्या टेबलाजवळ आडोसा, नळ व पिण्याचे पाणी असावे, असे पत्र आम्ही संचालक मंडळाकडे दिले आहे. मंडळाच्या पुढील सभेत ते येईल. ज्या सभासदांचे गट ऑफिस भाड्याच्या जागेत आहे त्यांनी घरमालकांशी आधीच बोलून ठेवावे. आमच्या गटाची दुसरी किल्ली आम्ही काल करून घेतली, तिला तीस रुपये पडले.